कामाठीपुऱ्याच्या कडेची ख्रिस्ती सेवा: स्वयंसेवक म्हणून जावं का?

मुंबईत कामाठीपुरा आणि नागपाडा जिथे एकमेकांना भिडतात, तिथे एका जुन्या चाळीच्या पहिल्या मजल्यावर एक मराठी ख्रिस्ती मंडळी (म्हणजे चर्च) आठवड्यातून तीन संध्याकाळी सेवाकेंद्र चालवते. वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका, फुटपाथवर राहणाऱ्यांना खिचडी आणि सकाळी सरकारी इस्पितळात सोबत, अशी तीन कामं. स्वयंसेवक घेतात, ख्रिस्ती असण्याची अट नाही. नाव-पत्ता इथे दिलेला नाही. लहान मुलांची ये-जा असलेली जागा उघड्यावर सांगू नये हा केंद्राचाच नियम आहे, आणि तो शहाणपणाचा आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो: स्वयंपाकघर उत्तम, अभ्यासिका चांगली पण माणसांवाचून अडलेली, मुलांच्या सुरक्षेबाबत कडक, निरोप आणि हिशेब ढिसाळ. महिन्याकाठी एखादी संध्याकाळ देऊन पुण्य गाठीला बांधायचं असेल तर ही जागा तुमची नाही.

या गल्ल्यांत असं काम नवं नाही. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे लोक मुंबईत आले १८१३ साली. त्याच मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाऊस हे वस्तीसाठीचं सेवाकेंद्र सुरू केलं. १९३६ साली टाटांच्या पैशातून समाजकार्याचं महाविद्यालय निघालं तेही त्याच इमारतीत, मॅन्शार्टच त्याचे पहिले संचालक. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. सांगायचा मुद्दा एवढाच की इथल्या लोकांनी मदत करणारे पुष्कळ पाहिलेत. नवा चेहरा आला की वस्ती महिनाभर नुसती बघत राहते, टिकतो का ते. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

आत शिरायची पद्धत

अर्ज दिला की लगेच काम मिळत नाही. दोन ओळखीच्या माणसांची पत्रं लागतात (ख्रिस्ती असाल तर त्यातलं एक तुमच्या पाळकसाहेबांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं), आधारची प्रत लागते आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो. हा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो, पण भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडेकराराची नोंदणी झालेली हवी, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. मग बालसंरक्षणाच्या नियमांवर सही. ते चार पानी मराठी पत्रक खरंच वाचा, कारण पहिल्या दिवशी समन्वयक ताई त्यावर प्रश्न विचारतात.

त्यातले कळीचे नियम असे. मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने थांबायचं नाही. मुलाला घरी सोडायला जायचं नाही, बाहेर खाऊ घालायला न्यायचं नाही, आपला नंबर द्यायचा नाही. फोटो अजिबात नाही, पाठमोरासुद्धा नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या संस्था आपल्या पत्रकांवर मुलांचे चेहरे छापतात त्यांच्याविषयी काय मत बनवायचं ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कळत नाही. एखाद्या मुलाने अत्याचाराचं काही सांगितलं, तर खोदून विचारायचं नाही. ऐकायचं, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणायचं आणि त्याच रात्री ताईंना सांगायचं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. ‘संस्था बघून घेईल’ म्हणून तुमची सुटका होत नाही. नोंद झाली का, कुठे झाली, हे दुसऱ्या दिवशी विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि इथे त्याचं उत्तर मिळतं. रात्री मूल एकटं सापडलं तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन. केंद्र कुठल्याही मुलाला रात्री ठेवून घेत नाही, कारण त्यासाठी बालन्याय कायद्याच्या कलम ४१ ची नोंदणी लागते आणि ती यांच्याकडे नाही. आई दारावर येऊन ‘आजची रात्र ठेवा’ म्हणाली तरी नाही म्हणावं लागतं. हे ऐकायला निष्ठुर वाटेल, पण नोंदणीशिवाय मुलं ठेवणाऱ्या जागांचं पुढे काय होतं ते या भागाला माहीत आहे. ताईंकडे रात्रीचा निवारा चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थांची यादी असते, तिथे फोन लावून देतात.

पहिले तीन आठवडे फक्त बघायचं आणि भांडी घासायची. बरेच जण इथेच गळतात. गळलेले बरे.

स्वयंपाकघर

इथे शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे. साधारण ९० माणसांची खिचडी होते. प्रमाण भिंतीवर रंगाने लिहून ठेवलंय: तांदूळ ५ किलो, मूगडाळ अडीच किलो, बटाटे ३ किलो, दुधी २ किलो, कांदे २ किलो, तेल पाऊण लिटर, मीठ ३०० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, पाणी ३० लिटर. पन्नास लिटरचं टोप, खाली भट्टीची शेगडी. डाळ अर्धा तास भिजवलेली हवी. फोडणी, कांदा, मग डाळ आणि अर्धं पाणी. डाळ अर्धवट शिजली की तांदूळ, भाजी आणि उरलेलं पाणी, तेही उकळतं. गार पाणी ओतलं तर तांदूळ वर फुटतो आणि आत कच्चा राहतो, हे एवढ्या मोठ्या टोपात फार लवकर होतं.

खिचडी लागते ती शेवटच्या दहा मिनिटांत. डाळ तळाशी बसते, पाणी आटलेलं असतं आणि ढवळणाऱ्याचा हात दुखायला लागलेला असतो. आच मंद करून लांब दांड्याचा उलथणा तळाला घासत फिरवायचा. तरीही करपल्याचा वास आला तर खरवडायचं नाही. वरची खिचडी दुसऱ्या टोपात काढून घ्यायची, तळ तसाच सोडायचा. एकदा खरवडलं की सगळ्या टोपाला वास लागतो. मीठ आधी अर्धंच घालायचं, बाकीचं शेवटी चाखून.

खिचडी मुद्दाम मऊ, जवळजवळ पेजेसारखी आणि बिनतिखटाची. फुटपाथवरच्या पुष्कळ माणसांची तोंडं गुटख्याने आखडलेली असतात, दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत, आणि तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं. मिरचीवाल्यांसाठी लोणच्याची बरणी वेगळी. ‘एवढी फिकी काय करता’ म्हणून हौशीने मसाला ओतणारा एक तरी स्वयंसेवक दरवर्षी निघतो.

टोमॅटो, नारळ, दही यांतलं काही पडत नाही. मे महिन्याच्या दमट उकाड्यात नारळ घातलेलं अन्न किती टिकतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. भाताचा धोका वेगळाच आहे. त्यातले काही जिवाणू शिजवूनही बीजाणूंच्या रूपात जिवंत राहतात आणि भात कोमट झाला की वाढायला लागतात. पुढे कितीही गरम केलं तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. म्हणून टोप आचेवरून उतरल्यापासून दोन तासांत वाटप संपवायचं, झाकण गरजेपुरतंच उघडायचं, आणि उरलं तर कुणालाही ‘सकाळसाठी’ बांधून द्यायचं नाही. लोक रागावतात, तरी नाही. अन्नसुरक्षा कायदा नफा न कमावणाऱ्यांनाही लागू आहे, आणि नोंदणीचा कागद इथे दाराजवळ लावलेला आहे. वर्षाला शंभर रुपयांची नोंदणी, पण लंगर-भंडारा-सेवा चालवणाऱ्या कितीतरी ठिकाणी तेवढीही नसते.

मुलं स्टीलच्या ताटांत जेवतात. बाहेर मात्र ज्याचा डबा, वाटी, पातेलं त्यात. बाहेर स्टीलची ताटं दिली तर ती गर्दुल्ल्यांच्या हातून थेट भंगारवाल्याकडे जातात, आणि प्लास्टिक-थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. डबा नसलेल्यांसाठी पत्रावळी असतात. पळसाच्या चालतात, पण टाक्यांमधून पातळ खिचडी गळते, तेव्हा दोन एकावर एक.

वाटपाला दोघं लागतात: एक डाव घालणारा, एक रांगेकडे बघणारा. बघणाऱ्याचं काम जास्त अवघड. बायका, म्हातारी माणसं, कुबड्यावाले आधी. रांगेत भांडण लागलं की मध्ये पडायचं नाही, वाटप थांबवायचं. दोन मिनिटांत रांगच भांडण मिटवते.

अभ्यासिका

वेळ साडेपाच ते साडेसात, आणि ती उगाच ठरलेली नाही. वस्तीतल्या ज्या आयांचा धंदा संध्याकाळी सुरू होतो त्यांच्या पोरांना त्याच वेळी खोलीबाहेर जागा हवी असते. बाकीची मुलं बॅगांच्या कारखान्यांतल्या, भंगारवेचकांच्या, हमालांच्या घरची. रमजानात वेळ तासभर अलीकडे येते, म्हणजे मुलं रोजा सोडायला घरी पोचतात.

पस्तीस-चाळीस मुलं आणि सात-आठ भाषा. घरी तेलुगू, कन्नड, बंगाली, नेपाळी किंवा हिंदी, शाळा मराठी, उर्दू, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची. म्हणून इयत्तेप्रमाणे बसवत नाहीत, वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. १९९५ मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या ‘प्रथम’ने ही रीत देशभर पोचवली आणि ती इथे चपखल बसते. सहावीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी एकाच चटईवर शब्द वाचतात. सहावीतल्याला लाज वाटते, म्हणून त्याच्याकडे खडू-पाटी वाटायचं काम देतात. साधी युक्ती आहे, पण चालते.

मराठी वाचनात मुलं अडतात ते ठरलेल्या जागी. ‘ळ’ चा ‘ल’ होतो. ‘चमचा’ मधले दोन च वेगळे आहेत हे कुणी सांगितलेलंच नसतं. जोडाक्षरात रफार कुठे उच्चारायचा ते कळत नाही, ‘सूर्य’ चं ‘सूयर’ होतं. दर वेळी चुकीवर बोट ठेवलं की मूल वाचायचंच थांबतं. पूर्ण ओळ वाचू द्यायची, मग तोच शब्द आपण मोठ्याने वाचायचा, मग त्याने. गणितात गंमत उलटी. सिग्नलवर गजरे विकणारी पोरगी पन्नासातून सदतीस वजा करून सुटे पैसे चटकन देते, पण तेच गणित वहीत मांडलं की हातच्याला अडते. तिला खोट्या नोटा आणि नाणी देऊन दशक-एककावर आणावं लागतं. हातच्याची रीत आधी घोकून घेणारे स्वयंसेवक इथे फसतात.

घरचा अभ्यास ‘करून देणं’ हा सगळ्यांत मोठा सापळा आहे. मूल वही पुढे करतं, बाई रागावतील म्हणतं, आणि आपण उत्तरं सांगतो. वही भरते, वाचन तिथेच राहतं. इथला नियम: पहिला तास वाचन आणि गणित, वहीला शेवटची तीस मिनिटंच. पण माणसं कमी पडली की हा नियम पहिला मोडतो. चाळीस मुलांना किमान पाच जण लागतात, अनेकदा तिघंच असतात. मग ती नुसती मुलं सांभाळण्याची जागा होते. हीच या केंद्राची सर्वांत मोठी उणीव, आणि ती बाहेरून कुणी आल्याशिवाय भरून निघायची नाही.

शाळेत नाव घालण्याची मदत मात्र पक्की. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, तरी शाळेच्या दारात कागद मागितला जातोच. केंद्राकडून कलम १४ ची छापील प्रत घेऊन एक स्वयंसेवक आईबरोबर जातो. आवाज चढवायचा नसतो, नुसता कागद टेबलावर ठेवायचा. जन्मदाखला काढायचा तर मनपाच्या ई वॉर्ड कार्यालयात. बापाचं नाव विचारलं की बाई गप्प होतात. अविवाहित आईला प्रतिज्ञापत्रावर, बापाच्या नावाशिवाय, दाखला द्यावा असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलेलं आहे. हे माहीत असलेला माणूस बरोबर असला की फेऱ्या वाचतात. जन्म होऊन वर्ष उलटलं असेल आणि नोंदच नसेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्याला वेळ लागतो, आईला तसं आधीच सांगावं.

प्रार्थना, धर्म आणि ताट

सगळ्यांना विचारायचं असतं ते हेच, म्हणून सरळ लिहितो. ताट आधी, प्रार्थना नंतर, आणि दार उघडं. मुलं जेवून उठली की दोन गीतं आणि लहानशी प्रार्थना होते. ज्याला जायचं तो जातो, कुणी नाव लिहून घेत नाही. रविवारची शब्बाथशाळा (मुलांचा बायबलचा वर्ग) वेगळी, वेगळ्या जागी, आणि तिथे मूल पाठवायचं तर आईची लेखी संमती लागते. बाहेरच्या रांगेत शुभवर्तमानाची पुस्तिका वाटायला स्वयंसेवकाला सक्त मनाई आहे. पाळकसाहेबांचं म्हणणं, भुकेल्या माणसाची मान हलली तर ती अन्नाला हललेली असते. कुणी आपणहून विचारलं, की तुम्ही हे का करता, तर खरं उत्तर द्यायला कुणी अडवत नाही.

हे इथे पाळलं जातं. सगळीकडे पाळलं जात नाही. प्रवचन संपेपर्यंत अन्न झाकून ठेवणाऱ्या जागाही याच शहरात आहेत, आणि तसं दिसलं तर ख्रिस्ती स्वयंसेवकानेसुद्धा पाठ फिरवावी. परीक्षा सोपी आहे: प्रार्थनेच्या आधी उठून गेलेल्या माणसाला पुढच्या मंगळवारी वाढतात की नाही ते बघायचं.

बिगरख्रिस्ती स्वयंसेवकांना प्रार्थनेत उभं राहायची सक्ती नाही. त्या वेळी भांडी घासायला माणूस हवाच असतो.

इस्पितळाची सोबत

सकाळी ज्यांना वेळ आहे अशांसाठी. बहुतेक नायर, कधी जे.जे., साथीचा आजार असेल तर कस्तुरबा. काम म्हणजे केसपेपरची रांग, तपासणीच्या खोल्या शोधणं आणि डॉक्टर काय म्हणाले ते परत नीट सांगणं. क्षयाच्या रुग्णांत औषध सुटतं ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, कारण बरं वाटायला लागतं. शिवाय रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते आणि माणूस घाबरतो. हे आधी सांगितलं तर निम्मी भीती जाते. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १,००० झाले, पण ते बँक खात्यात येतात. फुटपाथवरच्या माणसाचं खातं नसतं, असलं तर पासबुक पावसात गेलेलं असतं. तेव्हा औषधाइतकीच खात्याची फेरी महत्त्वाची.

जखमा केंद्रात फक्त सलाइनने धुवून झाकतात. सुई टोचून झालेलं गळू दाबायचं नाही, चिकटलेली पट्टी ओढायची नाही, भिजवून सोडवायची. हातमोजे दर माणसामागे नवे. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून आलात आणि पायाला चीर असेल तर लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) औषधासाठी मनपाच्या दवाखान्यात लगेच दाखवायचं. हे स्वयंसेवकांसाठी आहे, ते स्वतःकडे फार दुर्लक्ष करतात.

काय खटकतं

निरोप. पावसाने गाड्या बंद पडल्या की केंद्र बंद आहे की चालू, हे व्हॉट्सॲपवर साडेपाचनंतर कळतं, तोवर लोक दादरला अडकलेले असतात. हिशेबाचा तक्ता वर्षातून एकदा लागतो, तो तिमाहीला लागायला हवा. देणगीची पावती मागितली तर मिळते. देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) हवी असेल तर दोन हजारांवर रोख देऊ नका, आणि वस्तूरूप देणगीला ती सवलत नाहीच. नव्या करप्रणालीत असाल तर विषयच संपला. जिना अंधारा आणि उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या वाटपाचं काम मागून घ्यावं. संडास एकच आहे, तोही सामायिक.

जुने कपडे आणून टाकू नका. कोपऱ्यात पोत्यांचा ढीग आहे, त्यात लग्नातल्या शेरवानीसुद्धा आहेत. हवं असतं ते साधं: मूगडाळ, अंगाचा साबण, सॅनिटरी पॅड, दोनरेघी वह्या, टॉवेल, पावसाआधी ताडपत्री. पाकीट देण्यापेक्षा ताईंना विचारून नेमकी वस्तू आणलेली बरी.

जाताना भायखळ्याहून चालत किंवा बसने, मुंबई सेंट्रलहूनही जवळ पडतं. टॅक्सी गल्लीत नेऊ नका, वळवायला जागा नसते. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद चपला, दागिने घरी. रात्री सव्वानऊला निघताना बायका जोडीने स्टेशनपर्यंत जातात, पुरुष स्वयंसेवक मागे राहून कुलूप लावतात. दारात उभ्या बायकांकडे टक लावून बघायचं नाही आणि मुद्दाम मान खालीही घालायची नाही. ओळख झाली की त्याच ‘आज उशीर झाला?’ म्हणून विचारतात.

अर्ज डिसेंबरात करू नका. नाताळाच्या आधी उपनगरांतून गट येतात, केक येतात, एका संध्याकाळी चाळीस मुलांमागे साठ पाहुणे असतात आणि ताईंना मान वर करायला फुरसत नसते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जा. तेव्हा जागा रिकाम्या असतात, आणि परीक्षा तोंडावर आल्यामुळे वाचून घेणाऱ्या माणसाची गरज सर्वांत जास्त असते.